वसईचे ऊन आणि आमची पद्मिनी

मुंबईकरांची वसई पावसाळ्यात सुरू होते आणि पावसाळ्यातच संपते. चिंचोटीचा धबधबा, तुंगारेश्वराची ओली वाट, किल्ल्याच्या तटावर माजलेले गवत आणि परतताना पिशवीत राजेळी केळ्यांची फणी किंवा सुकेळ्यांची पुडी, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. चैत्र-वैशाखात इकडे कोणी फिरकत नाही, आणि फिरकू नये असे आम्ही वसईकरही मनापासून सांगतो. सकाळी पूर्वेच्या डोंगरावरून कोरडा वारा उतरतो, दहा वाजेपर्यंत डांबर मऊ होते, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटेपर्यंत झाडाचे पान हलत नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला. त्या मोहिमेचे वर्णन वाचताना इतरांना तोफा, सुरुंग आणि शिड्या दिसतात. आम्हा इथल्या रहिवाशांना आधी मे महिन्यातले ऊन आठवते, आणि दोन्ही बाजूंच्या शिपायांविषयी सारखीच कणव वाटते.

माणूस निदान सावलीला बसतो. मोटारीला तीही सोय नाही. अलीकडच्या मोटारींना उन्हाचे फारसे काही वाटत नाही. काचा मिटून, आतल्या आत गारवा करून त्या निर्विकारपणे धावत असतात. पण ज्या घरात कधीकाळी कार्ब्युरेटरची गाडी होती, त्या घरातल्या मंडळींना भर दुपारी बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभे असलेले वडील आणि मागल्या बाकावर घामाघूम होऊन गप्प बसलेली आई, हे चित्र नव्याने रंगवून दाखवायला नको. आमच्या घरी ती गाडी अजून आहे, आणि चित्रही अधूनमधून पाहायला मिळते.

गाडी १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची 'अकराशे' तयार होत असे. तिच्या आधीच्या गोलमटोल अवताराला मुंबईने 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले होते. पुढे अंगाने चौकोनी झालेल्या गाडीला १९७४ साली पद्मिनी हे सौंदर्यवतीचे नाव मिळाले. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, आणि पुढे एकसंध बाक. त्या बाकावर तीन माणसे बसत आणि लग्नाच्या दिवसांत चारही बसत. गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. मुलाच्या जन्माला नोंदवलेली गाडी मुंजीला मिळाली, असे विनोद त्या काळी होत, आणि त्यांना कोणी फारसे हसत नसे. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले. आमच्या अंगणातली मात्र फणसाखाली उभी होती, आणि तिच्यावर लिहायला तोपर्यंत कोणाला सुचले नव्हते.

गेल्या चैत्रात तिच्या भवितव्याचा प्रश्न घरात निघाला. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि आमची मुदत संपत आली होती. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, आता हे पुरे. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तशी नोंदवावी, झूल घालून ठेवावी. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनाला न्यावी, जुन्या गाड्यांच्या फेरीला न्यावी, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यावी, झाले. वहिनींचे मत त्याहून सोपे होते : भंगारवाल्याला द्यावी आणि अंगणात कुंड्या ठेवाव्यात.

आमची आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. ती या चर्चेत बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझा भाऊ मला दर चैत्रात हिच्यातून वज्रेश्वरीला न्यायचा. यंदा एकदा न्या. जाऊन परत आली, तर तिला काम जमतं असं समजा. नाही आली, तर मग कुंड्या ठेवा."

बंधूंनी ही अट मान्य केली. त्यांना वैशाखापूर्वीच निकाल लागेल अशी खात्री होती.

चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची मोठी यात्रा भरते. ती गर्दी आत्याला झेपणारी नव्हती, म्हणून आदल्या रविवारी निघालो. पुढच्या बाकावर मी आणि पापडीचे मिस्त्री. मागे आत्या, तिचा पितळी फिरकीचा तांब्या आणि माझा भाचा. मिस्त्रींची सत्तरी उलटली आहे. त्यांची उमेदीची वर्षे मुंबईत टॅक्सी दुरुस्त करण्यात गेली, आणि टॅक्सी गेल्यावर त्यांचे ज्ञान पेन्शनीत निघाले. भाचा संगणकाच्या कंपनीत आहे. गाडीचे झाकण उघडून आत पाहण्याची त्याची ही पहिलीच वेळ असणार होती. त्याच्या स्वतःच्या गाडीचे झाकण उघडल्यास काळ्या प्लॅस्टिकचे आणखी एक झाकण दिसते.

पापडी, माणिकपूर, रेल्वेवरचा पूल, मग गोखिवरे आणि सातिवली असे करीत रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागतो. केळीच्या वाड्या आणि विहिरी पश्चिमेला राहतात. पूर्वेला गाळे, गोदामे आणि नव्या इमारती. २००९ साली इथे महानगरपालिका झाली आणि २०१४ साली ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. गावे मात्र एकमेकांना पूर्वीच्याच नावांनी हाका मारतात. महामार्गावर उत्तरेला तोंड केले की उजव्या हाताला तुंगारेश्वराचा डोंगर सोबतीला येतो. पावसाळ्यात तो निळा दिसतो. चैत्रात तो भाजलेल्या रताळ्यासारखा दिसतो.

पेल्हारच्या अलीकडे वाहनांची रांग थांबली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मध्ये आम्ही, एखाद्या बैठकीत चुकून आलेल्या पाहुण्यासारखे. चार हात पुढे जायचे, पुन्हा थांबायचे, असे अर्धा तास चालले. अकरा वाजले असतील. पद्मिनीने दोन आचके दिले, एक दीर्घ उसासा सोडला आणि ती थांबली. भाच्याने आणि एका ट्रकच्या क्लीनरने ढकलून तिला रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे नेले.

बंद पडलेली गाडी पाहिली की आपल्याकडे प्रत्येकाच्या अंगात वैद्य संचारतो. रिक्षावाला म्हणाला, "कचरा आलाय." टेम्पोवाल्याने कॉइल गेल्याचे निदान केले. मोटारसायकलवरचा तरुण न थांबताच "धक्का मारा" असे सांगून गेला. मराठीचा अध्यापक म्हणून मला वाटले, यात भाषेचाही थोडा दोष आहे. गाडी 'बंद पडली' असे आपण म्हणतो. तेवढ्या दोन शब्दांत पन्नास निरनिराळी दुखणी आपण कोंबलेली असतात.

मागून आत्या म्हणाली, "अरे, हिला तहान लागलीय की हिचं पोट बिघडलंय, ते तरी आधी बघा."

मिस्त्री एकदम वळले. "आत्याबाईंनी नेमकं विचारलं, सर. उन्हाळ्यात प्रश्न एवढाच असतो."

त्यांनी आधी मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले आणि कान दिला. झाकणाचे हवेचे भोक बुजले, तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मग झाकण उघडताच सूं असा आवाज येतो. तसा आवाज आला नाही. मग बॉनेट उघडले, फडक्यात धरून एक प्लग काढला आणि भाच्याच्या हातावर ठेवला. प्लग खणखणीत कोरडा होता. पेट्रोलचा वासही नव्हता. "उपास घडलाय," मिस्त्री म्हणाले. "टाकीत पेट्रोल आहे, पण इथपर्यंत येत नाही. वाफ धरली."

इंग्रजीत याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. मिस्त्री लोकांचा 'वाफ धरली' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण त्यात कोणी कोणाला धरले हे स्पष्ट होते. पद्मिनीची टाकी मागे आणि इंजिन पुढे. इंजिनाच्या अंगालाच एक छोटा पंप असतो. इंजिन फिरले की त्यातला पडदा खालीवर होतो आणि टाकीतले पेट्रोल बारीक नळीतून ओढून कार्ब्युरेटरला पोचवतो. हा पंप ढकलत नाही, ओढतो, आणि घोटाळा तिथेच आहे. कोणत्याही द्रवावरचा दाब कमी केला की तो कमी उष्णतेला उकळतो. महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ लागतो, कारण तिथे हवेचा दाब कमी आणि पाणी शंभर अंश गाठण्याआधीच उकळून मोकळे होते. नळीतल्या पेट्रोलचे तेच होते. त्यात पेट्रोल हा काही एकच पदार्थ नव्हे. ती अनेक द्रवांची मिसळ आहे. तिचे जड भाग दोनशे अंशांच्या आसपास उकळतात, पण सर्वांत हलके भाग पस्तीस अंशांच्या सुमारासच उडू लागतात. तापलेल्या इंजिनाशेजारून जाणाऱ्या नळीत, पंपाने ओढ दिली असताना, त्यांची वाफ होते. पंपाचा पडदा मग त्या वाफेच्या बुडबुड्यालाच दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो. एक थेंब पुढे जात नाही.

"पण मग भरधाव जाताना का होत नाही?" भाच्याने विचारले. प्रश्न चांगला होता. वेगात गाडी पेट्रोल भराभर पिते, त्यामुळे टाकीतले त्यातल्या त्यात थंड पेट्रोल सतत नळीतून वाहते आणि नळीला गार ठेवते; समोरून वाराही येतो. रांगेत उभ्या गाडीला पेट्रोल लागते चमचाभर. तेच पेट्रोल तापल्या नळीत ताटकळते, आणि वाराही मेलेला असतो. म्हणून ही व्याधी घाटातल्या चढणीइतकीच महामार्गावरच्या गर्दीत होते.

उपाय साधा आहे, फक्त धीर लागतो. इंजिन बंद, बॉनेट उघडे, आसपास कोणाची विडी-सिगारेट नाही याची खात्री. मी माझा पंचा दिला, आत्याने फिरकीच्या तांब्यातले पाणी दिले. मिस्त्रींनी पंचा पिळून पंपाला आणि नळीला गुंडाळला. भाचा उरलेले पाणी इंजिनावर ओतायला निघाला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडले तर ते तडकू शकते. आणि ठिणगी वाटणाऱ्या डबीत पाणी शिरले तर आणखी एक दुखणे. "फक्त ओलं फडकं, आणि फक्त पंप आणि नळी," मिस्त्री म्हणाले. वाफ गार होऊन तिचे पुन्हा पेट्रोल झाले की ती आपोआप सुटते. १९५० च्या दशकात अमेरिकेतले लोक म्हणे नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत. त्याने खरोखर किती फरक पडे यावर तिकडे अजून वाद आहे. पण आपल्याच घरातली वस्तू गाडीच्या उपयोगी पडते, याचे समाधान सर्व देशांत सारखेच असावे.

ती वीस मिनिटे आम्ही गाडीच्या सावलीत उभे होतो. आत्या डोंगराकडे पाहत होती. म्हणाली, "आज नाही पोचलो, तर देवी काही रागवायची नाही. पण तुझा दादा उद्याच झूल शिवायला टाकेल." त्यानंतर कोणी काही बोलले नाही. मिस्त्रींनी पंचा काढला, मला बसायला सांगितले, आणि स्टार्टरच्या चौथ्या प्रयत्नाला पद्मिनी खोकून उठली. पेल्हार गेले, डाव्या हाताला जीवदानीचा डोंगर दिसू लागला, आणि शिरसाड फाट्यावर आम्ही उजवीकडे वळलो.

शिरसाडपासून पारोळ, उसगाव करीत जाणारा रस्ता निराळ्याच जगातून जातो. ताडाची झाडे, कापून झालेली भाताची खाचरे, मोहाखाली बसलेली गुरे. वज्रेश्वरी तानसा नदीकाठी, ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात आहे. म्हणजे वाटेत आपण जिल्हाही ओलांडतो. वसई हाती आली तर मंदिर बांधीन असे चिमाजी अप्पांनी या देवीला बोलल्याची कथा इकडे सर्वांना पाठ असते. मंदिराभोवतीचा दगडी कोट पाहिला की ती खरी वाटते. देवळाला किल्ल्याची चण दिली आहे. समोर नगारखाना आणि मग वर चढत जाणाऱ्या पायऱ्या. आत्या एकेक पायरी मोजत, दर पाचवीला थांबत वर गेली. दर्शन झाल्यावर ती बराच वेळ सभामंडपात बसून राहिली. तिने काय मागितले हे आम्ही विचारले नाही. गाडीविषयी काही मागितले असावे असा भाच्याचा अंदाज होता.

खाली उतरून आत्याला अकलोलीच्या कुंडांवर पाय बुडवायचे होते. चैत्रातल्या भर दुपारी गरम पाण्यात पाय बुडवण्याची इच्छा फक्त श्रद्धाळू माणसालाच होऊ शकते. या गंधकाच्या वासाच्या पाण्याची उष्णता चाळीस अंशांच्या पुढची. पाय घातला की आधी चटका बसतो, मग सवय होते. मिस्त्रींनी कुंडात हात घालून भाच्याला म्हटले, "एवढ्या गरम नळीतसुद्धा पेट्रोल उकळायला लागतं. आता समजलं?" पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्या चटक्याने त्याला अधिक समजले असावे. तो बोटे चोखत मान हलवीत होता.

जेवण झाले. मिस्त्री चहाच्या टपरीवर गेले आणि भाचा मोठ्या उत्साहाने गाडी सुरू करायला बसला. गाडी उन्हात बंद करून फार वेळ झाला नव्हता, कारण कुंडावरून आम्ही नुकतेच देवळाजवळ परतलो होतो. त्याने किल्ली फिरवली. गाडी फिरत होती, पेटत नव्हती. त्याने ॲक्सिलरेटर दहा-बारा वेळा दाबला. मग खाली उतरून, सकाळच्या शिकवणीला जागून, पंचा ओला करायला निघाला.

मिस्त्री कपासकट धावत आले. "पंचा ठेव. वास घे आधी."

पेट्रोलचा वास सगळीकडे पसरला होता. या वेळचा प्लग काढला तो ओलाचिंब. "सकाळी उपास होता," मिस्त्री म्हणाले, "आता अजीर्ण आहे. तोंडं दोघांची सारखीच उतरतात. औषध मात्र उलटं."

हे दुसरे दुखणे गाडी थांबवल्यावर होते. इंजिन चालू असते तोवर पाणी फिरत असते, पंखा फिरत असतो. इंजिन बंद केले की दोन्ही थांबतात आणि आतली उष्णता वर चढू लागते. त्यामुळे थांबल्यानंतर थोडा वेळ बॉनेटखालची हवा चालत्या गाडीपेक्षाही अधिक तापते. कार्ब्युरेटरच्या पोटात पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. तिच्यातले पेट्रोल उकळून, दूध उतू जावे तसे, बारीक भोकांतून इंजिनाच्या घशात ओघळते. तिथे आता हवा कमी आणि पेट्रोल फार; अशा मिश्रणाला ठिणगी पेटवू शकत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर पुनःपुन्हा दाबणे किंवा चोक ओढणे म्हणजे अजीर्ण झालेल्याला श्रीखंड वाढणे.

मिस्त्रींनी बॉनेट उघडे ठेवून पाच मिनिटे वाट पाहिली, वास ओसरू दिला. मग भाच्याला बसवले. "ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाब आणि तसाच धरून ठेव. वरखाली करू नकोस. चोकला हात लावू नकोस. आता किल्ली फिरव. पाच-सात सेकंद, मग थांब, पुन्हा." पाय तळाशी राहिला की हवेचे दार पूर्ण उघडते आणि इंजिन फिरताना साठलेले पेट्रोल भरपूर हवेबरोबर बाहेर फेकले जाते. तिसऱ्या खेपेला मागून काळ्या धुराचा लोट निघाला, देवळाकडे निघालेल्या एका कुटुंबाने नाके झाकली, आणि पद्मिनी सुरू झाली. भाच्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी त्याच्या पदवीदान समारंभातही पाहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर मिस्त्री बोलत होते आणि भाचा मोबाइलमध्ये टिपून घेत होता. जुनी गाडी ज्यांच्या दारात आहे, त्या वाचकांना ती टिपणे उपयोगी पडतील म्हणून सांगतो. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये उष्णता अडवणारे जाड पॅकिंग असते. ते झिजले किंवा कोणी पातळ बसवले तर वाटी लवकर उकळते. पेट्रोलची नळी धुराच्या नळीजवळून गेली असेल तर ती दूर घ्यावी किंवा मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा. वाटीतल्या तरंगत्या फ्लोटची पातळी जास्त असली की ती आधीच काठोकाठ भरलेली राहते. रेडिएटर, पंखा आणि ठिणगीची वेळ ठीक नसेल, तर इंजिनच वाजवीपेक्षा तापते आणि मग कार्ब्युरेटरला बोल लावण्यात अर्थ नाही. उन्हातून आल्यावर गाडी सावलीत, तोंड वाऱ्याकडे करून उभी करावी आणि पाच मिनिटे बॉनेट उघडे ठेवावे. काही लोक टाकीजवळ विजेचा लहान पंप बसवतात. तो ओढण्याऐवजी ढकलतो, त्यामुळे नळीतला दाब वाढतो आणि वाफ सहसा धरत नाही. पण तो कमी दाबाचाच हवा, आणि गाडी बंद होताच तोही बंद होईल अशी व्यवस्था हवी. आजच्या गाड्यांना उन्हाचे भय नाही ते याच कारणाने : त्यांचा पंप टाकीतच बसलेला असतो आणि पेट्रोल सतत दाबाखाली असते.

नवी अडचण पेट्रोलचीच आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ साली पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. उसाच्या मळीतून आणि धान्यातून निघणारा हा मद्यार्क आपल्या शेतकऱ्याच्या घरी चार पैसे नेतो, परदेशी तेलाची खरेदी कमी करतो. त्याच्याशी भांडण नाही. पण आमची पद्मिनी त्याच्या ओळखीची नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि वसईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात, मऊ पडतात, चिरतात. टाकीच्या तळाचा जुना गाळ सुटून जेटमध्ये अडकतो. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून मिश्रण थोडे पातळ जाते आणि इंजिन अधिक तापते. म्हणून रबर इथेनॉल सोसणारे घ्यावे, गाळणी वेळच्या वेळी बदलावी, जेटचे माप जाणकाराकडून पाहून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, असे मिस्त्री म्हणाले, गाडी उभी ठेवू नये. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ ठेवते. पंपाचा पडदा सुकून कडक होतो. "उन्हाने गाडी थांबते सर, मरत नाही. मरते ती झुलीखाली."

विरार फाट्याशी आलो तेव्हा पश्चिमेचा वारा सुटला होता. अर्नाळ्याच्या बाजूने येणाऱ्या त्या वाऱ्यात खारेपणा आणि सुक्या मासळीचा पुसट वास असतो. चारही काचा उघड्या होत्या. महामार्ग आता मोकळा होता. पेल्हारला सकाळच्या जागेवरून आम्ही पन्नासच्या वेगाने गेलो, आणि मागे कोणीतरी हळूच "जगदंब" म्हणाले.

बंधू ओटीवर वाटच पाहत होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "किती वेळा बंद पडली?"

उत्तर आत्याने दिले. "दोनदा. एकदा उपास घडला, एकदा अजीर्ण झालं. या वयात माझंही तेच होतं. मला कुठल्या प्रदर्शनात ठेवणार आहेस, ते सांग म्हणजे कपडे भरते."

वहिनी आधी हसल्या. बंधूंना त्यानंतर हसावे लागले. नोंदणी पाच वर्षांनी वाढवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात भरला गेला. तपासणीच्या आधी मिस्त्रींनी सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, पंपाचा पडदा नवा घातला, नळी धुराच्या पाइपापासून वीतभर दूर घेतली. या कामाला भाचा तीन रविवार हजर होता. पापडीच्या त्या छोट्या गॅरेजात मिस्त्रींचा हा अलीकडच्या काळातला पहिलाच विद्यार्थी. त्याच्या नखांत काळे तेल बसले आहे आणि तो ते मुद्दाम नीट धूत नाही, अशी माझ्या बहिणीची तक्रार आहे.

पुढल्या चैत्रात आत्या पुन्हा जाणार आहे. तिने तांब्या आतापासूनच घासून ठेवला आहे आणि माझ्याकडून एक जुना पंचा मागून घेतला आहे, स्वच्छ धुतलेला. पेल्हारजवळ लागलाच, तर हाताशी असावा म्हणून.